ताणलेल्या दोराची शिस्त

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी, इतरांना उपयोगी पडेल असं, पंधरा मिनिटांत सांगायचं, असं संयोजकांनी ठरवलं आहे. मी क्रेन आणि विंच यांच्यावरचा भार मोजणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातल्या संगणकाबद्दल बोलले तर समोरच्या मंडळींचं लक्ष स्वयंपाकघरातल्या वासाकडे जाईल. म्हणून मी विंचबद्दल, दोराबद्दल आणि कप्पीबद्दल बोलणार आहे. विषय आहे, रुतलेल्या आणि उलटलेल्या गाड्या बाहेर काढायची सैन्यातली साधनं: ती वापरायची कशी आणि जपायची कशी.

वेंगुर्ल्यात बसून रणगाड्यांच्या गोष्टी कशाला, असं कुणी विचारेल. पण सागरेश्वरापासून मोचेमाडपर्यंत आणि पुढे शिरोड्याच्या वेळागरापर्यंत सुट्टीच्या दिवसांत काय चालतं, ते तुम्ही बघता. पाहुणे गाडी थेट वाळूत घालतात. ती रुतते. मग आपलीच पोरं धावतात, कुणीतरी होडीचा जुना नायलॉनचा दोर आणतो, कुणीतरी ट्रॅक्टर किंवा जेसीबी बोलावतो, आणि दोराच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं मोबाईल काढून उभी राहतात. गेल्या दिवाळीत अशाच एका ठिकाणी दोर तुटला आणि त्याच्या टोकाचं लोखंडी कडं एका मुलाच्या कानाजवळून जाऊन मागच्या सुरूच्या खोडात घुसलं. मुलगा हसत होता. त्याला काय टळलं ते कळलंच नव्हतं. माझ्या शेजारी आपल्याच वर्गातला एक मित्र उभा होता, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. नाव घेऊ नको अशी त्याची तंबी आहे, आणि तो आत्ता मागच्या रांगेत बसला आहे. तो एवढंच म्हणाला, "दोर तुटलो तर जातलो खंय, ता आधी बघ. मगे ओढ." आजचं माझं सगळं भाषण या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी थोडा इतिहास. सैन्यात ज्या दलाकडे हे काम असतं त्याला ईएमई म्हणतात. हे दल १९४३ साली उभं राहिलं आणि दरवर्षी १५ ऑक्टोबरला आपला स्थापना दिवस साजरा करतं. बंदूक, रडार, ट्रक, रणगाडा, सगळ्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे, आणि बंद पडलेली गाडी शेतातून, नदीतून, कधी गोळीबारातून ओढून आणणंही त्यांच्याकडे. आपल्या राज्यात खडकीला सैन्याचं मोठं बेस वर्कशॉप आहे. अहिल्यानगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. एवढा अवजड प्राणी चिखलात बसला तर त्याला उठवायचं कसं, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर आपोआप पडतो.

हा प्रश्न १९६५ साली खेमकरणजवळच्या असल उत्तरला खराखुरा पडला होता. हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं आहे, तीच लढाई. आपल्या लोकांनी कालवे फोडून उसाच्या शेतांत पाणी सोडलं आणि साधारण ४५ टनांचे पॅटन रणगाडे त्या चिखलात अडकले. भारतीय हिशेबाने तिथे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. लढाई संपल्यावर ते धड बाहेर काढणं हे वेगळंच काम होतं. त्यासाठी ताकदीच्या आधी हिशेब लागतो.

आणि समुद्रकिनाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर ६ जून १९४४ चा नॉर्मंडीचा किनारा आहे. ब्रिटिशांनी त्या दिवसासाठी शर्मन रणगाड्याचा तोफेचा घुमट काढून एक खास गाडी बनवली होती. ती सुमारे पावणेतीन मीटर खोल पाण्यात जाऊ शकायची. लाटांत बुडालेले ट्रक ती ओढून काढायची आणि वाळूवर बसलेल्या लहान होड्यांना पुढच्या लाकडी ठोकळ्याने ढकलून परत पाण्यात लोटायची. तिच्यावरच्या माणसांपैकी एक पाणबुड्या असायचा, कारण बुडालेल्या गाडीला दोर लावायचा तर कुणीतरी पाण्याखाली जायलाच हवं. आपल्या बंदरावरच्या माणसाला ही गाडी चटकन समजली असती.

आता हिशेब. सैन्याच्या जुन्या तक्त्यात तो अगदी सोपा मांडलेला आहे. बंद पडलेली गाडी डांबरी सडकेवर ओढायला तिच्या वजनाच्या पंचविसाव्या भागाएवढा जोर लागतो. गवतावर सातवा भाग. ओल्या घट्ट वाळूवर सहावा. कोरड्या भुसभुशीत वाळूवर चौथा. चढ असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग वाढवायचा. म्हणजे माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी असेल तर सडकेवर ८० किलोंचा जोर पुरतो आणि कोरड्या वाळूवर ५०० किलोंचा लागतो. हे झालं नुसतं चाक फिरतंय तोवर. गाडी रुतली की तक्ता बदलतो. चाकं गाडली गेली असतील तर गाडीच्या पूर्ण वजनाएवढा जोर, दोन टन. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, चार टन. त्याहून वर, छतापाशी, तिप्पट.

या तक्त्यातून पहिली शिकवण निघते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित साधन म्हणजे फावडं. पंधरा मिनिटं वाळू उपसून गाडी मडगार्डापासून चाकापर्यंत आणली की चार टनांचे दोन टन होतात. टायरमधली हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर वाळूवर पसरतो आणि आणखी हलकं होतं. सडकेवर आल्यावर हवा परत भरायची, हे विसरायचं नाही. गाडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने मागे ओढायची, म्हणजे सैन्याच्या हिशेबात साधारण दहा टक्के जोर वाचतो. हे सगळं करेपर्यंत दोराला हात लावायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दोर आधी येतो, फावडं शेवटी.

दुसरी शिकवण कप्पीची. सरांनी आपल्याला स्थिर कप्पी आणि चल कप्पी शिकवली होती, आणि परीक्षेत आपण आकृतीही काढली होती. विंचचा दोर रुतलेल्या गाडीच्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधला, तर ती चल कप्पी झाली. दोन टनांच्या कामाला विंचवर साधारण एक टन येतो, घर्षणापोटी थोडा जास्त. वेग निम्मा होतो, तो चांगलाच. पण तीच कप्पी झाडाला बांधून फक्त दिशा बदलली, तर ती स्थिर कप्पी. तिच्यात फायदा काहीच नाही, आणि दोर उलटा फिरत असेल तर झाडावर मात्र दोराच्या दुप्पट ताण येतो. काटकोनात वळत असेल तर जवळपास दीडपट. म्हणून किनाऱ्यावरच्या सुरूला दोर बांधताना दहादा विचार करा. वाळूतलं झाड दिसतं उंच, पण त्याची पकड तेवढी असतेच असं नाही. माडाला बांधायचंच तर खाली, बुंध्याशी, आणि रुंद पट्टा वापरून. नुसता तारेचा दोर माडाला कापतो आणि माडही दोराला कुठे सोडतो!

विंच घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विंचवर जो आकडा छापलेला असतो तो ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. दोर थरांवर थर गुंडाळलेला असेल तर ताकद कमी होत जाते. म्हणून शक्यतो जास्त दोर सोडून काम करावं. मात्र ड्रमवर किमान चार-पाच वेढे राहिलेच पाहिजेत, कारण दोराचं टोक ड्रमला धरून ठेवणारा बोल्ट एकट्याने भार घेण्यासाठी नसतो. भार वेढ्यांच्या घर्षणावर असतो.

आता तुटलेल्या दोराकडे येते. ताणलेला दोर म्हणजे साठवलेली शक्ती. नायलॉनचा दहा मीटर दोर दोन टनांच्या ताणाखाली दोन मीटर लांबला असं धरा. त्यात साठलेली ऊर्जा वीस हजार ज्यूल होते. सत्तर किलोचा माणूस नवव्या-दहाव्या मजल्यावरून खाली पडला तर जेवढी, तेवढी. दोर तुटला की ती सगळी एका क्षणात टोकाकडे धावते, आणि टोकाला कडं किंवा हूक असेल तर त्याची गोळी होते. तारेचा दोर फार कमी लांबतो, त्यामुळे साठवतोही कमी. पण तो चाबकासारखा आडवा फिरतो आणि कापतो. दोघांपैकी कुणीही दयाळू नाही.

सैन्याचे नियम याच हिशेबातून आलेले आहेत आणि पाठ करायला सोपे आहेत. मी सांगते तसे बोटांवर मोजा.

एक: जेवढा दोर सोडला आहे, निदान तेवढ्या अंतरावर प्रत्येकाने उभं राहायचं. वीस मीटर दोर, तर वीस मीटर लांब.

दोन: दोर कप्पीतून वळत असेल तर त्या कोनाच्या आत कुणीही नाही. कप्पी सुटली तर दोर तिथूनच झपाटत जातो.

तीन: ताणलेला दोर ओलांडायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, त्याखालून वाकूनही जायचं नाही.

चार: दोराच्या मध्यावर जड गोणपाट किंवा जाड ताडपत्री टाकायची. तुटलाच तर ती त्याला खाली दाबते.

पाच: हुकाचं तोंड वरच्या बाजूला ठेवायचं. हूक सरळ झाला तर तो जमिनीकडे जातो, माणसांकडे येत नाही.

सहा: हातात चामड्याचे मोजे, आणि दोर हातातून सरकू द्यायचा नाही.

सात: इशारा एकच माणूस देणार. पण "थांब" म्हणायचा अधिकार प्रत्येकाला, अगदी बघायला आलेल्या लहान मुलालाही.

यात मी किनाऱ्यासाठी एक आठवा घालते: बंपरला किंवा मागच्या टोइंगच्या गोळ्याला दोर लावायचा नाही. गाडी बनवणाऱ्याने ओढण्यासाठी जे कडं दिलेलं असतं त्यालाच, आणि झटका न देता. ढिला दोर ठेवून ट्रॅक्टर पळवणं ही आपल्याकडची आवडती पद्धत आहे. त्या एका झटक्यात ताण हिशेबाबाहेर जातो.

आता जपणुकीबद्दल, कारण आपल्या हवेत साधन वापरून कमी आणि ठेवून जास्त बिघडतं. खाऱ्या वाऱ्याबद्दल मी वेंगुर्लेकरांना काय सांगणार? खिडकीचे गज कसे जातात ते आपण बघतोच. तारेचा दोर बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेला असू शकतो. वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ताठ ब्रशने वाळू काढा आणि दोराचं तेल आतपर्यंत मुरेल असं लावा. पेट्रोल-डिझेलने धुऊ नका. आतलं वंगण निघून जातं.

तपासताना हात फिरवायचा नाही, फडकं फिरवायचं. तुटलेली तार फडक्यात अडकते, नाहीतर ती बोटात जाते. आपल्या वेणीला जसे तीन पेड, तसे बहुतेक तारेच्या दोरांना सहा पेड असतात आणि प्रत्येक पेडात बारीक तारा असतात. एक पेड दोराभोवती पूर्ण वेढा घेतो ती लांबी मोजा. दहा मिलीमीटरच्या दोरात ती दोन-अडीच इंच भरते. तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात तीन, तर तो दोर ओढायच्या कामातून बाद. पीळ पडून मोडल्यासारखा झालेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला, जाडी घटलेला, भाजून निळसर पडलेला दोरही बाद. बाद म्हणजे तुकडे करून टाकायचा. कोपऱ्यात ठेवला की कुणीतरी अडीअडचणीला उचलतोच.

दोराच्या टोकाला क्लिपा लावून फासा केलेला असतो. तिथे एक चूक सगळीकडे दिसते. क्लिपेची पसरट खोगिरासारखी बाजू भार घेणाऱ्या दोरावर हवी आणि यू आकाराचा बोल्ट उरलेल्या छोट्या टोकावर. उलटी लावली की बोल्ट भाराच्याच दोराला चिरडतो. किमान तीन क्लिपा, सगळ्या एकाच दिशेने, आणि पहिला भार दिल्यावर परत आवळायच्या. शॅकलचा पिन हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घालायचा नाही. शॅकलवर भाराचा आकडा कोरलेला नसेल तर ते विकत घ्यायचं नाही. नायलॉनच्या पट्ट्यांना ऊन आणि वाळू दोन्ही खातात. वाळूचे कण आत शिरून धागे कापतात. धुऊन, अंधारात, टांगून ठेवायच्या.

हे सगळं वहीत लिहायचं. सैन्यात गाडीला लॉगबुक असतं, आणि आमचा मित्र सांगतो की वरिष्ठ आधी वही मागतात, गाडी नंतर बघतात. माझ्या धंद्यात एक रीत आहे: जो बॅकअप परत चालवून पाहिलेला नाही तो बॅकअप धरत नाहीत. दोराचंही तसंच आहे. जो या सहा महिन्यांत कुणी तपासला नाही, तो आपल्याकडे नाहीच असं समजायचं.

मित्रांनो, आता माझी मागणी. स्नेहमेळाव्यातून उरलेल्या पैशांचं काय करायचं याची चर्चा आपल्या ग्रुपवर चालू आहे. बाक, पंखे, पाण्याचं यंत्र, सगळी नावं आली आहेत. मी आणखी एक नाव घालते. दोन फावडी, हवा मोजायचं यंत्र आणि पायाचा पंप, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, आकडा कोरलेली चार शॅकल, एक बाजूने उघडणारी कप्पी, झाडासाठी रुंद पट्टा, एक चांगला दोर, चामड्याच्या मोज्यांचे चार जोड, जाड ताडपत्री आणि एक वही. हे सगळं एका पेटीत, किनाऱ्याजवळ, कुणातरी जबाबदार माणसाच्या ताब्यात.

पण पेटी घेण्याआधी दोन माणसं ठरवा, जी दर सहा महिन्यांनी ती उघडून तपासतील आणि वहीत सही करतील. ती माणसं मिळत नसतील तर पैसे पंख्यांना द्या. मी मनापासून सांगते. जपणूक न केलेली पेटी ही पेटी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विसंबून कुणीतरी जवळ उभं राहील. सिंधुदुर्गात घरोघरी सैन्यातून आलेली माणसं आहेत. पावसाळ्याआधी एक आणि दिवाळीआधी एक, असे दोन रविवार त्यांनी किनाऱ्यावरच्या पोरांना, रापणवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना शिकवावं. रापण ओढणाऱ्यांना दोर नव्याने शिकवायची गरज नाही. दोर कुठे ताणला आहे आणि कुठे ढिला आहे हे त्यांच्या हातांना कळतं. त्यांना फक्त हे सांगायचं आहे की यंत्राने ओढलेला दोर माणसाच्या हातासारखं थकल्याचं सांगत नाही. तो एकदम तुटतो.

शेवटचं. ओहोटीला किनाऱ्यावर रुतलेल्या गाडीकडे घड्याळ बघून जा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास आणि थोडी मिनिटं. पाणी चाकाशी आलं आणि तोवर गाडी निघाली नाही, तर माणसं बाहेर काढा आणि गाडी सोडून द्या. गाडीचा विमा असतो. दोर धरणारी पोरं आपली असतात.

मागच्या रांगेतल्या मित्राला विनंती आहे, पेटीची पहिली तपासणी त्याने करावी. दुसरी सही माझी. दर दिवाळीला मी वेंगुर्ल्याला येतेच, तेव्हा वही तपासून जाईन. तिसऱ्या सहीसाठी कोण हात वर करतंय, ते जेवणाच्या पंगतीत ठरवूया.